दुसऱ्याच्या गच्चीवरचा वड

बोन्साय शिकायचा असेल तर पहिली कुंडी विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन यावे, असे मी प्रत्येक नव्या छंदिष्टाला सांगतो. फांदी कुठे कापायची याचे चित्र पुस्तकात असते. पण कापल्यावर सहा वर्षांनी त्या जागी काय झाले, जखम भरली की खोड पोखरले, हे चित्रात नसते. ते ज्याने कापली त्याच्याच घरी पाहायला मिळते. ही कला इतकी संथ आहे की एका माणसाच्या हयातीत तिचे प्रयोग फार थोडे होतात. पिंपळाची मुळे छाटली की निर्णय बरोबर होता की नाही हे कळायला दोन पावसाळे जातात. असे किती पावसाळे आपल्या वाट्याला येणार? म्हणून इथे दुसऱ्याचा अनुभव मागून घ्यावाच लागतो आणि त्यासाठी जिने चढावे लागतात.

जपानमधल्या एका वस्तीने तर या गोष्टीचा नियमच करून टाकला. १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगींनी तोक्यो उद्ध्वस्त झाले. शहरातल्या बोन्साय व्यावसायिकांनाही आता मोकळी जागा, स्वच्छ हवा आणि चांगले पाणी हवे होते. त्यांतले काही जण उत्तरेकडे ओमियाला गेले आणि १९२५ साली तिथे बोन्सायवाल्यांचे गाव वसले. गावात राहायला येणाऱ्यांनी आपसांत काही अटी ठरवल्या. प्रत्येकाकडे किमान दहा बोन्साय असावेत. घर दुमजली बांधू नये. कुंपण भिंतीचे नको, झाडांचे असावे. आणि चौथी अट अशी, की प्रत्येकाची बाग येणाऱ्याजाणाऱ्यासाठी उघडी असावी. माझ्या मते या चौथ्या अटीने ओमिया मोठे केले. तिथे शेजाऱ्याची चूक शेजाऱ्याला दिसत होती, त्याची करामतही दिसत होती. १९८९ साली जगभरचे बोन्सायप्रेमी पहिल्या जागतिक संमेलनासाठी याच गावी जमले, त्याच वर्षी जागतिक बोन्साय मैत्री महासंघ स्थापन झाला, आणि २०१० मध्ये तिथे बोन्सायचे सार्वजनिक संग्रहालय उघडले. मे महिन्याचा दुसरा शनिवार आता जागतिक बोन्साय दिन म्हणून पाळला जातो. विदर्भात त्या दिवशी झाडे दाखवण्यापेक्षा सावलीत सरकवण्याचेच काम जास्त असते, तो भाग वेगळा.

वर्धा जिल्ह्याचे नाव निघते ते सेवाग्रामसाठी, पवनारसाठी, कापसासाठी. बोन्सायच्या संदर्भात ते कोणी घेत नाही. पण या कलेला जे कच्चे द्रव्य लागते ते इथे पावलोपावली आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ, विहिरीच्या कठड्यात उंबर, धुऱ्यावर बाभूळ आणि हिवर, रस्त्याकडेला चिंच, देवळापुढे वड. जपानी पुस्तकांतले पाइन आणि जुनिपर इथे आणून जगवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ही झाडे शंभरपट बरी. ती इथल्या उन्हाची आहेत, आणि कुंडीतही ती हे विसरत नाहीत.

उन्हाचे म्हणायचे तर, वर्ध्यात बोन्साय ठेवणे म्हणजे मुख्यतः उन्हाळा पार पाडणे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा तर गच्चीच्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. बोन्सायची कुंडी उथळ, तिच्यात माती दोन-तीन इंच. जमिनीतल्या झाडाची मुळे खोल गारव्यात जातात, या झाडाला तशी सोय नाही. वरून ऊन आणि खालून तापलेला स्लॅब, अशा कचाट्यात मुळे सापडतात. त्यामुळे एखाद्याचा संग्रह खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा असेल तर दोनदा जावे. एकदा डिसेंबर-जानेवारीत, झाडे डोळे भरून पाहायला. दुसऱ्यांदा नवतप्यात, सकाळी सातच्या आत, ती जगवतात कशी हे पाहायला. ज्याची झाडे मेअखेर हिरवी आहेत त्याच्याकडून शिकण्यासारखे खूप असते, मग ती दिसायला साधी का असेनात.

त्या दुसऱ्या भेटीत पाहायच्या गोष्टी अगदी व्यवहारातल्या आहेत. कुंड्या स्लॅबवर टेकलेल्या आहेत की विटांवर, फळ्यांवर उचललेल्या? हिरवी जाळी नुसती डोक्यावर आहे की पश्चिमेच्या बाजूनेही उतरवली आहे? दुपारनंतरची तिरपी उन्हे कुंडीच्या अंगावर पडतात आणि एका बाजूची मुळे भाजून काढतात. ही गोष्ट पश्चिमेची जाळी पाहिल्याशिवाय सुचत नाही. काही जण कुंड्या ओल्या वाळूच्या पसरट ट्रेवर ठेवतात, काही जण मोठ्या झाडांच्या कुंडीखाली लहान झाडांना आसरा देतात. पाणी दिवसातून दोनदा, पण ते भर दुपारी कधीच नाही. पाणी बोअरचे असेल तर कुंडीच्या काठावर क्षाराची पांढरी रेघ दिसेल. पहिल्या दमदार पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून ती माती धुऊन काढायची असते. पाऊस हे त्या झाडांचे वर्षातले पहिले गोडे पाणी.

मातीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण वर्ध्यात नवशिक्याची सर्वांत जास्त झाडे मातीमुळे जातात. जिल्ह्यातली काळी माती कापसाला उत्तम. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतात हे गुण आहेत, उथळ कुंडीत तेच घातक ठरतात. पावसाळ्यात पाणी निथळत नाही, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. उन्हाळ्यात मातीचा गोळा कुंडीच्या कडांपासून सुटतो आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरचा थर ओला दिसतो, आतली मुळे कोरडी. म्हणून जाणकाराकडे गेलात तर त्याचे झाड बघण्याआधी त्याची माती हातात घेऊन पाहा. तिच्यात बहुधा विटांचा चुरा असतो, मुरूम असतो, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असते, थोडी निंबोळी पेंड असते. महत्त्वाचे हे, की ते सगळे चाळलेले असते. खूप मोठे खडे बाजूला आणि पीठ झालेला भागही बाजूला. मधला चार-पाच मिलिमीटरचा दाणा तेवढा वापरतात. दाण्यांमधल्या पोकळीतून पाणी जाते, त्यामागे हवा येते, आणि दाण्याच्या अंगात ओल मुरून राहते. विटेचा तुकडा हे काम फार चांगले करतो. बारीक पीठ राहिले तर ते पोकळ्या बुजवते आणि मिश्रण पुन्हा काळ्या मातीसारखेच वागू लागते.

आता झाडाकडे पाहू. पहिली गोष्ट, खाली बसा किंवा वाका. उभ्याने वरून पाहिले तर कुंडीत एक रोप दिसते. नजर खोडाच्या मध्यापर्यंत खाली आणली की तेच झाड वृक्ष होते. चांगल्या प्रदर्शनांत झाडे उंच मेजांवर मांडतात ती याचसाठी. मग नजर मुळांपासून वर न्यावी. मुळे खोडाभोवती सगळीकडे पसरून जमीन धरून बसलेली आहेत का? खोड बुंध्याशी जाड आणि वर जाता जाता निमुळते आहे का, की पाइपसारखे सरळसोट एकाच जाडीचे? पहिली फांदी साधारण कितव्या भागात फुटली? फांद्यांच्या मधून आकाश दिसते का? नवशिका पानांच्या गर्दीवर खूश होतो, जाणकार मोकळ्या जागांवर.

खोडाचा निमुळतेपणा आपोआप येत नाही, तो कापून मिळवलेला असतो. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि खाली उतरते. ते खालच्या कळ्यांना दबवून ठेवते, म्हणून झाड उंच धावते. शेंडा छाटला की हा दाब उठतो आणि खालच्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात. कारागीर खोड वाढू देतो, बुंधा हवा तेवढा जाड झाला की वरून कापतो, एका बाजूच्या फुटव्याला नवा शेंडा करतो, तो जाड झाला की पुन्हा कापतो. असे चार-पाच वेळा झाले की खोडाला वळणही येते आणि निमुळतेपणाही. त्या प्रत्येक छाटणीचा व्रण झाडाच्या पाठीवर असतो. म्हणून यजमानाची परवानगी घेऊन झाड मागूनही पाहावे. पुढून त्याचे रूप दिसते, मागून त्याचा इतिहास. व्रण गोल भरून आला असेल तर तो माणूस वेळेवर कापणारा आणि नंतर काळजी घेणारा आहे असे समजावे.

प्रदर्शन आणि घरची भेट यांत फरक पडतो तो इथेच. प्रदर्शने पाहावीतच. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांनी भरवलेल्या ‘बोन्साय नमस्ते’ या प्रदर्शनात ३,३३३ बोन्साय एका ठिकाणी मांडले गेले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. एवढी झाडे एकत्र पाहिली की एकाच वडाचे किती आकार संभवतात याची जाणीव होते, आणि ती आयुष्यभर पुरते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातही बोन्साय असतात. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गाडी न बदलता पुण्याला जाता येते. पण प्रदर्शनात येते ते झाड नटून येते. फांद्यांना वळण देणाऱ्या तारा काढलेल्या असतात, पाने पुसलेली, मातीवर शेवाळ पसरलेले. आजारी झाड, अर्धवट झाड, ज्याची एक बाजू वाळली आणि आता तिचे काय करावे हे मालकाला सुचत नाही असे झाड, ही सगळी घरी राहतात. शिकण्यासारखे मात्र त्यांच्याकडेच जास्त असते. घरी गेल्यावर गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुंड्या आवर्जून पाहायला मागा. बहुतेक छंदिष्ट आधी संकोचतात, मग तिथेच सर्वांत जास्त वेळ बोलतात.

बोलणे सुरू करायला एक प्रश्न कधीच वाया जात नाही: “काकू, हा उंबर तुम्हाला मिळाला कुठे?” झाडाचे वय विचारले की आकडा मिळतो, आणि तो बहुधा अंदाजाचा असतो. पाच वर्षे जमिनीत वाढवलेला वड हा वीस वर्षे कुंडीत राहिलेल्या वडापेक्षा जाड असू शकतो, त्यामुळे खोडावरून वय सांगता येत नाही. पण झाड कुठून आले हे विचारले की गोष्ट बाहेर येते. विदर्भात ती पुष्कळदा एखाद्या भिंतीपासून सुरू होते.

वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक ही सगळी एका कुळातली झाडे. त्यांची फळे हरियाल, मैना, बुलबुल खातात आणि विष्ठेतून बिया भिंतींच्या फटींत, छतांच्या कोपऱ्यांत, दुसऱ्या झाडांच्या बेचक्यांत पडतात. चुन्याच्या जुन्या भिंतीत चिमूटभर धूळ आणि पावसाची ओल एवढ्यावर हे रोप वर्षानुवर्षे जगते. जागा नाही, माती नाही, म्हणून ते उंच होत नाही, पण बुंधा मात्र फुगत जातो आणि मुळे भिंतीवर पसरट, चपटी होऊन रांगतात. बोन्साय करणारा कुंडीत जे करू पाहतो ते भिंतीने आधीच करून ठेवलेले असते. घरमालकाला ते नको असते, कारण मुळे भिंत फोडतात. पण पिंपळ कापायला आपल्याकडे हात धजत नाही. अशा वेळी कोणी तो जिवंत काढून नेतो म्हटले तर मालक आनंदाने शिडी आणून देतो. हे काम भर पावसाळ्यात करायचे. आजूबाजूचा चुना हलक्या हाताने मोकळा करायचा, जितके मूळ साबूत निघेल तितके काढायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचे आणि काही आठवडे गर्द सावलीत ठेवायचे. या कुळातल्या झाडांत चिवटपणा इतका असतो की हातभर जाड खोडालाही पावसाळी हवेत नवी मुळे फुटतात. मात्र हे भिंतीपुरतेच. बोर अभयारण्यातून किंवा कुठल्याही जंगलातून झाड उपटून आणणे हा वन कायद्याने गुन्हा आहे. कुणी अशी झाडे विकायला आणली तर ती घेऊ नयेत, ती पाहून वाहवाही करू नये.

या झाडांचे पानही समजून घ्यायला हवे. छाटणी आणि भरपूर ऊन यांनी पाने लहान होतात, पण प्रत्येक झाडाची मर्यादा वेगळी. नांद्रुकाचे पान मुळातच लहान, त्यामुळे फूटभर उंचीतही तो डेरेदार दिसतो. वडाचे मोठे पान चांगल्यापैकी आकसते. निरोगी वडाची सगळी पाने काढून टाकली तर पुढची पालवी लहान येते. अशक्त झाडावर हा प्रयोग करू नये, ते दगावते. पिंपळ त्या मानाने हट्टी आहे, त्याला मोठीच कुंडी आणि मोठाच आकार द्यावा. चिंचेची पर्णिका इतकी बारीक आणि साल इतकी लवकर खडबडीत होते की माझ्या मते विदर्भातल्या हौशी माणसाने सुरुवात चिंचेपासून करावी. चिंचोका पेरला तरी चालतो. फुले आणि फळे मात्र फारशी लहान होत नाहीत. डाळिंबाच्या बोन्सायला लागलेले फळ पूर्ण आकाराचेच असते आणि ते फांदीला झेपत नाही, म्हणून एखादेच ठेवतात.

आता माझा मुख्य मुद्दा. महाराष्ट्रातल्या अनेक संग्रहांत वड पाहिला की तो वड वाटत नाही, पाइनच्या आकारात बसवलेला वड वाटतो. टोकदार शेंडा, खाली झुकवलेल्या फांद्या, एकूण त्रिकोण. जपानी झाडाच्या फांद्या खाली झुकतात त्याला कारण आहे. डोंगरातल्या पाइनवर वर्षानुवर्षे बर्फाचे ओझे पडते. देवळीच्या किंवा आर्वीच्या वडावर बर्फ कधी पडला? आपला वड उंचीपेक्षा रुंदीने वाढतो. फांद्या आडव्या जातात, पारंब्या सोडतात, पारंब्या जमिनीत रुजून खांब होतात आणि फांदी आणखी पुढे सरकते. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड रोगामुळे १९२५ साली काढावे लागले, तरी तो पारंब्यांच्या खांबांवर उभाच आहे आणि वाढतोच आहे. आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड असाच दूरवर पसरलेला आहे. हे रूप कुंडीत आणायचे तर रुंद, उथळ कुंडी हवी, घुमटासारखा माथा हवा आणि पारंब्या हव्यात.

पारंब्यांसाठी हवेत दमटपणा लागतो. वर्ध्यात तो जुलै ते सप्टेंबर एवढाच असतो. त्या महिन्यांत फांदीवर मुळांचे कोंब दिसले की काही जण त्यावर ओल्या शेवाळाने भरलेली प्लास्टिकची नळी बसवतात. मूळ त्या नळीतून उतरत मातीपर्यंत पोचते आणि मग झपाट्याने जाड होते. कोरड्या हवेत नळीविना सुटलेले मूळ दिवाळीआधीच वाळून जाते. कुणाच्या वडाला चार पारंब्या रुजलेल्या दिसल्या तर त्यामागे बरेच पावसाळे आहेत हे ओळखावे आणि तसे बोलूनही दाखवावे. श्रम कुठे घातले हे ओळखणारा पाहुणा यजमानाला हवासा वाटतो.

म्हणून मी म्हणतो, वर्ध्याच्या बोन्सायप्रेमींनी दोन प्रकारच्या भेटी कराव्यात. एक एकमेकांच्या गच्चीवर, दुसरी मोठ्या झाडांकडे. सेवाग्रामला जाऊन आश्रमातल्या पिंपळाखाली उभे राहावे. गांधीजी १९३६ साली या गावात राहायला आले, आणि तो पिंपळ त्यांनी त्याच वर्षी लावला. त्याचे खोड कसे दुभंगते, फांद्या वडासारख्या आडव्या न जाता कशा वर उठतात आणि टोकाशी कशा सैल होतात, हे कागदावर रेखाटून घ्यावे. मग काळ्या शेतातल्या धुऱ्यावरचा हिवर पाहावा, त्याचा माथा उघडलेल्या छत्रीसारखा सपाट असतो. तो आकार जपानी पुस्तकात सापडणार नाही, वर्ध्याच्या रानात सापडतो. आपल्या जवळचे ते कुंडीत आणायचे, हेच तत्त्व एका अमेरिकी कलावंताने वेगळ्या तऱ्हेने पाळले. जॉन नाका यांनी १९४८ पासून घडवत आणलेले ‘गोशिन’ हे अकरा जुनिपरांचे वन जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बोन्सायपैकी एक आहे. ती अकरा झाडे त्यांच्या अकरा नातवंडांसाठी आहेत. १९८४ पासून ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे.

त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या एका झाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा जपानने ५३ बोन्साय भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनी दिलेला एक पांढरा पाइन होता. तो १६२५ पासून कुंडीत घडवला जात होता एवढे माहीत होते. पंचवीस वर्षे लोक त्याच्यासमोरून गेले, वय ऐकून थक्क झाले आणि पुढच्या झाडाकडे वळले. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला वॉशिंग्टनला आले. त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या घराण्याची रोपवाटिका हिरोशिमात होती. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या, माणसांना त्या लागल्या, पण बागेच्या उंच भिंतीआडची झाडे वाचली. हा पाइन त्यांतला एक. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला यामाकींनी तो दिला, आणि देताना याबद्दल अवाक्षर काढले नाही. कोणी भेटीला आले नसते तर ही गोष्ट आजही कुणाला कळली नसती.

‘झाडाला असे खुरटवणे म्हणजे छळ नव्हे का?’ हा प्रश्न बोन्साय ठेवणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतो, बहुधा वडीलधाऱ्यांकडून. तो टाळू नये. उत्तर असे आहे, की बोन्साय उपाशी ठेवलेला नसतो. त्याला खत लागते, वेळेवर पाणी लागते, दोन-तीन वर्षांनी मुळे विंचरून नवी माती द्यावी लागते, आणि या नव्या मुळांमुळेच तो पिढ्यान्‌पिढ्या जगू शकतो. त्याचे बीजही खुजे नसते. जमिनीत लावला तर तोच वड पुन्हा मोठा होतो. छळ होतो तो निष्काळजीपणाने. तार वेळेत काढली नाही तर ती सालीत रुतते आणि तिचे वेटोळे आयुष्यभर दिसते. बाजारातले झाड हौसेने आणून दिवाणखान्यात टीव्हीजवळ ठेवले तर ते उजेडावाचून मरते. ज्याला रोज सकाळी पाणी घालणे शक्य नाही त्याने हा छंद करू नये. लग्नकार्याला चार दिवस गावी जायचे तर शेजाऱ्याला पाणी घालायला शिकवून जावे लागते.

भेटीचे शिष्टाचार थोडेच आहेत. आधी फोन करून जावे. झाडाला, विशेषतः फुटव्यांना, हात लावू नये, आणि कुंडी तर खोडाला धरून कधीच उचलू नये. किंमत विचारू नये. न विचारता सल्ला देऊ नये. स्वतःचे आजारी झाड दाखवायला नेत असाल तर त्यावर पिठ्या ढेकूण नाही ना हे पाहून न्यावे, एका कुंडीतून ही कीड सगळ्या गच्चीवर जाते. कात्री दुसऱ्याची वापरली तर स्पिरिटने पुसून द्यावी. फांदी मागू नये, दिली तर मात्र नाही म्हणू नये. वडाची अंगठ्याएवढी जाड फांदी पावसाळ्यात सहज जगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजकाल रोपाचे वाण देतात, त्यात भिंतीतून काढलेल्या पायरीचे किंवा घरच्या चिंचेचे रोप दिले तर नवा छंदिष्ट तयार होण्याची शक्यता जास्त. कुंड्यांसाठी मोठ्या शहरांकडे पाहायची गरज नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाने कुंभारकामाची परंपरा चालवली आहे. आपल्या गावच्या कुंभारालाही माप आणि तळाच्या भोकांची जागा सांगून उथळ कुंडी करून घेता येते.

ज्यांच्याकडे आज दोनच कुंड्या आहेत त्यांनाही दोन कामे करता येतील. पहिले, प्रत्येक झाडाच्या नावाने वहीत एक पान ठेवा. कुठून आणले, कोणत्या महिन्यात, मुळे केव्हा छाटली, मोठी छाटणी केव्हा, वर्षातून एक फोटो. आज आपल्याला पाठ असलेली ही माहिती झाड सांभाळणाऱ्या पुढच्या माणसाला नसते. दुसरे, डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत महिन्यातला एक रविवार ठरवा, आणि त्या सकाळी वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, जिथे कुठे तुमची गच्ची असेल तिथे ती सर्वांसाठी उघडी ठेवा. मागचा कोपराही दाखवा.